वाचकांचे प्रश्न : जबडा वाजतो, दुखतो, उघडत नाही

प्रश्न : वय ३४. चावताना उजव्या कानापुढे ‘टक्’ असा आवाज दोन वर्षांपासून येतो. महिनाभर सकाळी कानशिलं ठणकतात, भाकरी चावताना गाल दुखतो. कान तपासला, तो चांगला निघाला. एका दवाखान्यात अक्कलदाढ काढायला सांगितली, दुसरीकडे दात घासून चावा जुळवायला. काय करू? (एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : तूर्त दोन्ही नको. काढलेली दाढ आणि घासलेला दात परत येत नाही, आणि तुमचं दुखणं बहुधा दातांचं नाहीच. दाढेला कीड किंवा भोवती सूज असेल, तर गोष्ट वेगळी.

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा. जे हलतं तो जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचं टोक आणि कवटी यांच्यामध्ये एक पातळ चकती असते. ती पुढे सरकलेली असली, की तोंड उघडताना टोक तिच्यावर चढतं आणि ‘टक्’ वाजतं. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. आता गालावर तळवा ठेवून दात आवळा. वर येणारा गोळा म्हणजे चावण्याचा स्नायू. तो दाबल्यावर तीच ओळखीची कळ आली, की चोर सापडला. सकाळी जास्त दुखतं म्हणजे झोपेत दात आवळले जात असावेत. दिवसाही तपासा: द्वारका चौकाच्या कोंडीत अडकल्यावर तुमचे दात एकमेकांवर टेकलेले आहेत का? खाताना-गिळताना सोडून ते टेकायलाच नकोत.

ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला: जबडा असा ठेवायची सवय लावा. जीभ तिथून सुटणार नाही इतपतच तोंड सावकाश उघडा-मिटा. सहा वेळा, दिवसातून पाच-सहा खेपा. गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने १५ मिनिटं शेका, दोनदा. दोन-तीन आठवडे खिचडी, वरण-भात, आमटीत कुस्करलेली भाकरी. कणीस, ऊस, चिक्की, च्युइंगगम बंद. मिसळ सोडायची गरज नाही, फरसाण भिजू द्या. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. आयब्युप्रोफेन चार-पाच दिवस उपयोगी पडते. पण अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचं कवच) घ्यायचाच तर माप देऊन केलेला, सगळे दात झाकणारा, कडक ॲक्रेलिकचा घ्या. फक्त पुढच्या दातांवर बसणारा गार्ड महिनोन्‌महिने घातला तर चावा बदलू शकतो. ऑनलाइन मिळणारा मऊ गार्ड काही जण रात्रभर चघळतच बसतात! गार्डने दातांची झीज वाचते, आवळणं थांबेलच असं नाही.

दर आठवड्याला स्वतःची तीन बोटं उभी दातांमध्ये घालून बघा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० मिमी तरी उघडतं. एके दिवशी ‘टक्’ बंद झालं आणि बोटं दोनच जायला लागली, तर सुटलो म्हणून खूश होऊ नका. चकती पुढे अडकलेली असू शकते. जोर लावून उघडू नका, त्याच आठवड्यात ओरल सर्जनला दाखवा. तेव्हाही आधी व्यायाम, नाहीच जमलं तर सुईने सांधा धुतात. उघडून शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते.

एक सावधगिरी, वयाने मोठ्या वाचकांसाठी. पन्नाशीनंतर नव्यानेच चावताना जबडा दुखू लागला, सोबत कानशील दुखतं किंवा नजर धूसर होते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्तवाहिनीला सूज असू शकते, डोळा जाऊ शकतो. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो, तर हृदय तपासून घ्या.

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा, गुटखा खातो. तोंड दोनच बोटं उघडतं, तिखट झोंबतं. वरचाच व्यायाम चालेल का? (एक आई, नाशिकरोड)

उत्तर : ताई, हे सांध्याचं दुखणं वाटत नाही. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर ताठ होतं, पांढरट पट्टे येतात. त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे मुलांना बरोबर ठाऊक असतं. आधी सुपारी पूर्ण बंद, साधी सुपारीसुद्धा. याच आठवड्यात दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत तोंड तपासून घ्या. चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर तुकडा काढून तपासतील, त्याला नाही म्हणू नका.