पोरगी बास्केटबॉल खेळते, पण पगार कोण देईल?

मागच्या अंकात मी पोरींच्या बास्केटबॉलवर दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्यात पेटीत सगळे प्रश्न तेच. चला, बसू यावरच. मी स्वतः युनिव्हर्सिटीपर्यंत खेळली, आता सकाळी साडेपाचला पोरींना पळवते, त्यामुळे जे सांगीन ते कोर्टावरून सांगीन.

प्रश्न : ताई, मुलगी नववीत आहे, उंची पाच फूट पाच इंच. म्हणते मला प्रोफेशनल बास्केटबॉल प्लेअर व्हायचंय. सासूबाई म्हणतात उंचीच नाही, हे म्हणतात यात स्कोप नाही. खरंच यात करिअर होतं का? (एक आई, त्रिमूर्ती नगर)

आधी सासूबाईंचं बघू. अमेरिकेत महिलांची जी मोठी लीग आहे, डब्ल्यूएनबीए, त्यात २०२० साली क्रिस्टल डेंजरफिल्ड नावाची पोरगी वर्षातली बेस्ट नवी खेळाडू ठरली आणि तिची उंची बरोब्बर तुमच्या पोरीएवढी, पाच फूट पाच. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमा पाळीपाळीनं नव्या पोरी निवडतात त्यात, तिचा नंबर सोळावा होता, म्हणजे पंधरा जणींनंतर तिला उचललं. पॉईंट गार्ड, बॉल आणणारी, गेम चालवणारी. तर उंची नाही हे कारण अर्धंच खरं, हात आणि डोकं चालत असेल तर गार्डला जागा असते. आता उरलेली अर्धी गोष्ट पण ऐका, कारण ती कोणी सांगत नाही. २०२२ चा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर त्याच टीमनं तिला सोडून दिलं. बेस्ट नवी खेळाडू, अन् दोनच वर्षांत दुसरी टीम शोधत फिरून राहिली! एका टीममध्ये जास्तीत जास्त बाराच जणी, तेव्हा टीमाही बाराच, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये १४४ जागा. तिथं ड्राफ्ट झालेल्या पोरी सुद्धा सीझनआधीच्या कॅम्पमधूनच घरी परत येतात.

म्हणून मिस्टरांच्या "स्कोप"ला माझं उत्तर असं की प्रश्नच जरा बदला. पोरगी खेळेल, पण वर्षभर पगार कोण देईल, हे विचारा. आपल्याकडे महिलांची वर्षभर चालणारी मोठी पगारी लीग नाही, आपल्याकडे प्रोफेशनल म्हणजे बाप्पा, रेल्वे. गीतू ॲना जोस घ्या, केरळची, सहा फूट दोन इंच, ऑस्ट्रेलियात क्लबकडून खेळली, २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या टीमांनी तिला ट्रायलला बोलावलं, तिथं काही जमलं नाही, पण सदर्न रेल्वेची नोकरी होती ना, खेळ चालू राहिला. अनिता पॉलदुराई पण सदर्न रेल्वेचीच, अठरा वर्षं भारताकडून खेळली, २०२१ ला पद्मश्री. आपल्या महाराष्ट्रातली म्हणाल तर पुण्याची शिरीन लिमये, भारताची कॅप्टन झाली. आणि नागपुरात तर सेंट्रल आणि साउथ ईस्ट सेंट्रल, दोन्ही रेल्वेंची डिव्हिजन आहेत, तुमच्या शेजारीपाजारीच कोणीतरी स्पोर्ट्स कोट्यातलं सापडेल, जाऊन चहा प्या त्यांच्याकडे, माझ्या कॉलमपेक्षा जास्त कळेल.

एक काम मात्र आजच करा. तिची सगळी सर्टिफिकेटं एका फाईलमध्ये लावा, ओरिजिनल. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथं सर्टिफिकेटाची पडताळणी होते, कोणत्या लेव्हलची स्पर्धा, कोणत्या संघटनेची, सगळं बघतात. "बेस्ट प्लेअर"ची ट्रॉफी तिथं कोणी विचारत नाही. माझं एक सर्टिफिकेट घर बदलताना गेलं ते गेलंच, आयोजकांकडे चार चकरा मारल्या, रेकॉर्डच नाही म्हणाले.

प्रश्न : अमेरिकेत महिला खेळाडूंना करोडो मिळतात असं वाचलं. मुलीला बारावीनंतर तिकडे पाठवावं का? (वडील, मानेवाडा)

भाऊ, ते करोडो बहुतेक जाहिरातींचे असायचे. केटलिन क्लार्क, जिच्यासाठी २०२४ मध्ये लोकांनी स्टेडियम भरली, पहिल्या नंबरनं ड्राफ्ट झाली, तिचा पहिल्या वर्षाचा लीगचा पगार ७६,५३५ डॉलर. तेव्हाच्या भावानं साठ-पासष्ट लाख रुपये, आपल्याला खूपच, पण पोरांच्या एनबीएत पहिल्या नंबरवाल्याला याच्या शंभरपटीहून जास्त मिळतात. सीझन पण उन्हाळ्याभोवतीचे चारपाच महिनेच. मग बाकीचे महिने? तर वर्षानुवर्षं या बायका हिवाळ्यात रशिया, तुर्की, चीन असं खेळायला जात होत्या, म्हणजे दोन नोकऱ्याच की. डायना टोरासी, सहा ऑलिंपिक गोल्डवाली, तिला २०१५ मध्ये रशियातल्या क्लबनं अमेरिकेतला सीझन न खेळता आराम करायचे पैसे दिले! तिकडे साधारण १५ लाख डॉलर आणि घरच्या लीगमध्ये १ लाख ७ हजार, असे आकडे तेव्हा छापून आले होते. आणि ब्रिटनी ग्राइनर, तशीच खेळायला जाऊन राहिली होती, फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्को एअरपोर्टवर पकडली गेली, डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. पगार दुसऱ्या देशात शोधावा लागला की काय काय होऊ शकतं बघा.

कॉलेजचं मात्र वेगळं आहे. डिव्हिजन वनची, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या गटाची, पूर्ण स्कॉलरशिप मिळाली तर फी, राहणं, जेवण सगळं निघतं, डिग्री हातात येते. भारतातून कविता अकुला अशी गेली, ग्रँड कॅन्यन युनिव्हर्सिटीत. मिळाली तर डोळे मिटून पाठवा, पण कर्ज काढून, एजंटला पैसे देऊन, "तिथं गेल्यावर ट्रायल होईल" या बोलीवर अजिबात नका पाठवू.

प्रश्न : मुलींचा बॉल वेगळा असतो का? (विद्यार्थिनी, काटोल रोड)

हो गं. सहा नंबरचा, मुलांचा सात. सातनं सवय केली की शॉट बिघडतो, भावाचा बॉल भावाला परत दे.

प्रश्न : मी १९ वर्षांची, एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट) फाटलं, ऑपरेशनला पाच महिने झाले. आता दुखत नाही. नॅशनलची ट्रायल पुढच्या महिन्यात आहे, खेळू का? (खेळाडू, सक्करदरा)

नाही. दुखत नाही म्हणजे तयार आहे असं नसतं पोरी, निदान नऊ महिने, आणि त्यानंतरही फिजिओनं दोन्ही पायांची ताकद मोजून, एका पायावर उड्या मारायला लावून हो म्हटल्यावरच. लवकर परतल्या तर पुन्हा फाटायचा धोका जास्त. पोरींना ही इंजुरी पोरांपेक्षा जास्त होते, उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात, म्हणून मी माझ्या पोट्ट्यांना शूटिंगच्या आधी वीस मिनिटं नुसतं उतरायला शिकवते आणि त्या भल्ल्या वैतागतात. अमेरिकेतल्या पेज ब्यूकर्सचं नाव ऐकलं असशील, ऑगस्ट २०२२ ला तिचं एसीएल गेलं, कॉलेजचं अख्खं वर्ष बाकावर, आणि २०२५ ला ड्राफ्टमध्ये पहिला नंबर. तुझी एक ट्रायल जाईल, जाऊ दे. शिवाय नागपुरातले बरेच कोर्ट सिमेंटचे, तू पाच महिन्यांचा गुडघा घेऊन त्यावर आदळणार?

प्रश्न : वय २७, स्पोर्ट्स कोट्यातून केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, डिपार्टमेंटकडून खेळते. बाळ होणार आहे. सगळे म्हणतात आता खेळ संपला. (वाचक, गोधनी)

अभिनंदन आधी! सगळ्यांना म्हणावं, डब्ल्यूएनबीएच्या कँडेस पार्करला मे २००९ मध्ये मुलगी झाली आणि जुलैत ती मॅच खेळली. तू असं करू नको हं, दोन महिन्यांत कोणी पळायला सांगत नाहीये. पण गंमत बघ, अमेरिकेच्या लीगमध्ये बाळंतपणात पूर्ण पगार २०२० च्या करारात आला. तुला १८० दिवसांची भरपगारी रजा आहेच, वर चाइल्ड केअर लीव्ह वेगळी. तर रजा पूर्ण घे, नंतर डॉक्टरला विचारून पोट आणि पेल्विक फ्लोअरच्या (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या) व्यायामांपासून सुरुवात कर, उड्या सगळ्यात शेवटी. टीमच्या मॅनेजरला आत्ताच लेखी कळवून ठेव की मी परत येणार आहे, नाहीतर तुझी जर्सी दुसरीला देऊन मोकळे होतील. आणि सकाळी बाळ झोपू देत असेल तर ये आमच्याकडे, बाळाला आणशील तर आणखी बरं, पोट्ट्या खेळवतील.