सायकल बघायला जाताना पट्टी ने

अनेक आशीर्वाद.

त्या रविवारी खडकवासल्याला तू विचारलंस, "काका, 25 हजारांत रोड बाईक, म्हणजे ती वाकड्या हँडलची वेगवान सायकल, येईल का?" तोंडात भजं होतं म्हणून मी नुसती मान डोलावली. ती 'हो'चीच होती, पण त्या 'हो'ला अटी आहेत.

25 हजार सगळेच्या सगळे सायकलचे नव्हेत. त्यातले 5 आधी बाजूला काढ. हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट, दणकट कुलूप, पंप, दोन जादा ट्यूब, एलन कीचा (षटकोनी पान्यांचा) संच. ही खरेदी पुढच्या महिन्यावर ढकलणारी पोरं पहिल्याच पंक्चरला सायकल टेम्पोत घालून आणतात.

राहिले 20. एवढ्यात नवी कोरी, वाकड्या हँडलची सायकल मिळते आणि फोटोत देखणीही दिसते. पण ती एकदा उचलून बघ. लोखंडी फ्रेम, वजन पंधरा-सोळा किलो. गिअरचे खटके हँडलच्या मधोमध, म्हणजे गिअर बदलायचा तर दर वेळी हात ब्रेकवरून काढायचा. मागे आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा. त्याच्यामुळे त्या बाजूचं बेअरिंग फार आत जातं, आणि आपले खड्डे झेलता झेलता एक्सल वाकतो. त्यापेक्षा त्याच पैशात जुनी, पण चांगली सायकल घे.

आता सगळ्यात महत्त्वाचं : माप. माझी पहिली रोड बाईक मी सेलमध्ये घेतली. मला 52ची (फ्रेमचं माप, सेंटिमीटरमध्ये) हवी होती, दुकानात 56ची शिल्लक होती. दुकानदार म्हणाला, "स्टेम, म्हणजे हँडल धरणारा दांडा, छोटा टाकून देतो साहेब, होईल सवय." झाली नाही. साताऱ्याच्या वाटेवर शिरवळ येईपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं आणि मान अशी आखडायची की मागून ट्रक आला तर अख्खं अंग वळवून बघावं लागे. आठ महिन्यांनी निम्म्या किमतीला विकली, आणि घेणाऱ्याची उंची बघून मला हायसं वाटलं.

तुझं माप घरीच काढ. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहा, पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटसारखं वर दाबून धर, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोज. समज 72 सेंमी आलं. गुणिले 0.67 म्हणजे 48. हा फ्रेमचा ढोबळ आकडा. हल्लीच्या फ्रेमची वरची नळी तिरकी असते, म्हणून कंपनीचा तक्ताही बघ. तेच 72 गुणिले 0.883 म्हणजे साडेत्रेसष्ट. दोन्ही पायडलच्या मधोमध फ्रेममध्ये असलेल्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची ठेवून सुरुवात कर. तुझी अडचण अशी की जुन्या बाजारात 54-56च्या सायकली ढिगाने आणि 48ची क्वचित. थांबावं लागेल. दोन महिने लागले तरी थांब. आणि बसून बघताना वाकड्या भागात हात ठेवून ब्रेक दोन बोटांनी ओढता येतो का ते पाहा. लहान हातांना लिव्हर लांब पडते. काहींना ती जवळ आणायचा स्क्रू असतो.

गिअर बनवणाऱ्या शिमानोची उतरंड तुला पाठ असेलच, खालून वर : टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, मग 105. क्लॅरिस मिळाली तर डोळे झाकून पुढे जा. मागे 8 चकत्या असतात आणि तिची चेन आणि कॅसेट (या चकत्यांचा संच) बदलायची वेळ आली तरी खिसा फाटत नाही. नावापेक्षा दाते मोज. तुला सिंहगड चढायचाय, आणि तिथे आठ-नऊ किलोमीटर चढ अंगावर येतो. पुढे 34 आणि मागे 32 दाते असले तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक साधारण सव्वादोन मीटर जातं. पुढे 42 आणि मागे 28 असेल तर तेच सव्वातीन मीटरच्या आसपास. हा फरक शेवटच्या वळणांवर गुडघ्यांना कळतो.

सायकल बघायला जाताना शाळेतली 12 इंची पट्टी ने. चेनच्या एका पिनेच्या मधोमध शून्य धर. नव्या चेनची पिन बरोब्बर 12 इंचांवर येते. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली असेल तर चेन बदलायला आली. अख्खा सूत पुढे असेल तर चेनने मागची कॅसेटही खाल्लेली असणार. तो खर्च किमतीतून वजा करायला सांग. पट्टी बघून विकणाऱ्याचा चेहरा बदलतो, ते मला अजून आवडतं.

मग चाक उचलून फिरव, ब्रेक पॅडपाशी रिम डावी-उजवीकडे जाते का बघ. थोडा आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, कुणीही मेकॅनिक काढून देतो. रिमची बाजू बोटाला खोलगट लागली तर मात्र ती झिजलीय. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलव, हँडलपाशी खटखट नको. सीटपोस्ट वर-खाली सरकवून बघ. वर्षानुवर्षं न हललेला पोस्ट फ्रेममध्ये चिकटून बसतो आणि मग देवही काढू शकत नाही. हँडलखालच्या सांध्यावर आणि पायडलच्या मधल्या एक्सलच्या कवचाभोवती रंगाला बारीक रेघ किंवा फुगवटा दिसला तर चहा पिऊन परत ये. जुनी कार्बन फ्रेम कितीही स्वस्त मिळाली तरी नको. आतली चीर डोळ्यांना दिसत नाही.

बिल माग. कवचाच्या खाली फ्रेम नंबर कोरलेला असतो, तो बिलाशी ताडून बघ. बिल हरवलंय म्हणणारे सगळे चोर नसतात, पण आपण कशाला शोध लावत बसायचं?

टायर 28चे (रुंदी, मिलिमीटरमध्ये) बसतात का, तेवढं विचार. 23चे टायर आपल्या रस्त्यांवर म्हणजे शिक्षा. रोड बाईकची व्हॉल्व्ह बारीक असते, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पाइप तिच्यावर बसत नाही. एक छोटं पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतं, ते घेऊन किल्लीच्या जुडग्यात अडकवून टाक.

पुढच्या रविवारी एखादी बघायला जाणार असलीस तर मला शनिवारी रात्रीच कळव, मी येतो. आणि जुना फडका घे, चेन मोजताना हात काळे होतात.

तुझा,
काका