साथ ओळखायची तर हजेरीपट उघडा

(बीड जिल्ह्यात आधी आरोग्यसेवक आणि पुढे आरोग्य सहाय्यक म्हणून नोकरी केलेले आमचे सदरलेखक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. पोळ्याच्या आसपास दरवर्षी निम्मा वर्ग ताप-खोकल्याने घरी असतो. संक्रांतीच्या सुमाराला उलट्या-जुलाब. पालक म्हणतात, हवा बदलली. खरंच हवेचं आहे का? आणि शाळेत बसून आम्हाला आधी काही ओळखता येईल का?
— एक शिक्षिका, सेलू (जि. परभणी)

बाई, पालकांचं अर्धं खरं आहे. हवेतून आजार तयार होत नाही, पण कोणत्या विषाणूला कोणते दिवस मानवतात हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. फ्लूला आपल्या देशात वर्षातून दोनदा भर येतो. एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना. आपल्याकडे हा दुसरा भर चांगला ठळक असतो. जूनच्या मध्यात शाळा उघडते, झड लागली की खिडक्या बंद होतात, ओल्या दप्तरांसकट चाळीस लेकरं एका खोलीत. पोळ्यापर्यंत विषाणूला दोन महिने आयते मिळालेले असतात.

थंडीतल्या जुलाबांत रोटा विषाणूचा वाटा मोठा. डिसेंबर ते फेब्रुवारी हे त्याचे दिवस. पण त्याचा जोर दोन वर्षांच्या आतल्या लेकरांवर. तुमच्या नऊ-दहा वर्षांच्या पोरांना एकदम उलट्या लागल्या तर मला आधी शंका येईल ती नोरो विषाणूची. तो सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणी, हाच त्याच्यावरचा इलाज. शाळेच्या दारात टांगलेली सॅनिटायझरची बाटली त्या दिवसांत शोभेची समजा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मला तो जास्त आवडला, कारण आमच्या कोणत्याही रजिस्टरपेक्षा चांगलं रजिस्टर तुमच्या टेबलावर पडून आहे. तुमचा हजेरीपट. रोज भरला जातो, नावानिशी भरला जातो, आणि कोण कोणत्या गल्लीतलं हे तुम्हाला तोंडपाठ असतं. गैरहजेरीच्या खुणेशेजारी एकच अक्षर लिहायला लागा. ताप-खोकला असेल तर ‘ता’, उलटी ‘उ’, जुलाब ‘जु’, कावीळ ‘का’. कारण कळलं नाही तर शेजारच्या पोराला विचारा, पोरं सगळं सांगतात.

मग शनिवारी पान समोर धरून आडवं नाही, उभं वाचा. फ्लूची लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत ताप येतो. म्हणून तो जिन्यासारखा चढतो. सोमवारी मागच्या सतरंजीवरची दोघं, बुधवारी त्यांच्या शेजारची तिघं, शुक्रवारी त्यांची दुसरीतली भावंडं. असा जिना दिसला की माणसाकडून माणसाला चाललंय. खोकणाऱ्याला घरी ठेवा, खिडक्या उघडा, वर्ग झाडाखाली भरवा.

पण समजा मंगळवारी एकदम अकरा ‘उ’ पडले. तो जिना नव्हे, ती भिंत. अकरा जणांनी एकच काहीतरी खाल्लं किंवा प्यालं आहे. नोरोला लागणीपासून उलटीपर्यंत बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात, तेव्हा कालचं आणि परवाचं विचारा. कुणाच्या लग्नाची पंगत, शाळेतली खिचडी, की टाकीचं पाणी? आणि अकराही जण एकाच गल्लीतले निघाले तर पंगत सोडा, त्या गल्लीचा नळ बघा.

‘का’ हे अक्षर मात्र फार फसवं. ‘अ’ प्रकारची कावीळ पाणी पोटात गेल्यावर साधारण चार आठवड्यांनी डोळ्यांत दिसते, ‘ई’ प्रकारची पाच-सहा आठवड्यांनी. वर्गात आज पिवळे डोळे दिसले तर आजच्या पाण्याला दोष देऊन भागत नाही. महिन्यापूर्वी काय झालं होतं? टँकर सुरू झाला होता? पाइप फुटला होता? पहिला पाऊस पडला होता?

आपल्या मराठवाड्यात हे मुद्दाम लक्षात ठेवावं, कारण आपले नळ रोज येत नाहीत. पाचव्या दिवशी, दहाव्या दिवशी येतात. मधल्या काळात पाइप रिकामा राहतो, आणि जोड सैल असला तर रिकामा पाइप बाहेरचं पाणी आत ओढतो. पाइप नालीतून गेलेला असेल तर काय ओढेल ते सांगायला नको. म्हणून नळ आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं आलेलं पाणी पिण्यासाठी भरू नका. दहा दिवसांनी आलेलं पाणी सोडून द्यायचं म्हणजे जिवावर येतं, मला माहीत आहे. संडासला, सड्याला वापरा.

प्रश्न : नातू आठ महिन्यांचा आहे. त्याला रोटाचे थेंब पाजलेत, तरी जुलाब झाले. आता सर्दी आणि छातीत घरघर. डॉक्टर म्हणतात, व्हायरल आहे. तपासणी का लिहून देत नाहीत?
— एक आजी, औसा (जि. लातूर)

आजी, थेंब वाया गेले नाहीत. आपल्या देशातली रोटाची लस चाचणीत, पहिल्या वर्षी, रोटाचे गंभीर जुलाब छप्पन टक्क्यांनी कमी करताना दिसली. ती लेकराला सलाइनपासून वाचवते, प्रत्येक पातळ संडासपासून नाही. शिवाय जुलाब काही एकट्या रोटाचे नसतात. जुलाब सुरू झाले की ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात पुरी विरघळवून घोटघोट पाजायची, आईचं दूध चालू ठेवायचं, आणि त्याच्या वयाला २० मिलिग्रॅमची झिंकची गोळी रोज, चौदा दिवस. जुलाब थांबले की गोळीही थांबवतात लोक. थांबवू नका.

घरघरीचं. या वयात, पावसाळ्यापासून थंडीपर्यंत, अशी घरघर बऱ्याचदा आरएसव्ही नावाच्या विषाणूची असते. मोठ्या माणसाला त्यानं नुसतं पडसं होतं, तान्ह्याच्या बारीक श्वासनळ्या मात्र सुजतात. तपासणीत नाव कळलं तरी घरी करायचं तेच राहतं, म्हणून डॉक्टर लिहून देत नसतील. तुम्ही मात्र एक तपासणी स्वतः करा. लेकरू शांत असताना त्याचं झबलं वर करा आणि पोटाकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, तान्ह्यांचा श्वास मध्येच थांबून चालतो. त्याच्या वयाला मिनिटात पन्नास किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला किंवा त्यानं दूध सोडलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी उठून दवाखाना गाठा.

प्रश्न : आशाताई घरोघर विचारून मोबाइलमध्ये माहिती भरतात. ती वर जाऊन तिचं काय होतं? शहरांत म्हणे गटाराचं पाणी तपासून साथ ओळखतात. गावाला असं काही नाही का?
— एक ग्रामपंचायत सदस्य, गेवराई (जि. बीड)

दादा, आधी गटाराचं. मुंबईत पोलिओसाठी सांडपाणी २००१पासून तपासतात. माणसाला ताप येण्याआधीच विष्ठेतून विषाणू बाहेर पडू लागतो, म्हणून दवाखान्याच्या आधी गटार बोलतं. पण त्यासाठी वस्तीचं पाणी एका ठिकाणी यावं लागतं. आपल्याकडे घरोघर शोषखड्डे. तुमच्या गावाचं गटार म्हणजे आशाताईच.

देशात रोगसर्वेक्षणाचा कार्यक्रम २००४ साली सुरू झाला. त्यात तीन प्रकारचे फॉर्म. एस म्हणजे उपकेंद्रावरचं : ताप, खोकला, जुलाब, कावीळ, जे डोळ्यांना दिसलं ते. पी म्हणजे डॉक्टरचा अंदाज. एल म्हणजे प्रयोगशाळेनं नक्की केलेलं. आमच्या वेळी कागद दर आठवड्याला जायचा, २०२१पासून संगणकीय प्रणालीवर रोज भरता येतं. एका गावातून नेहमीपेक्षा जास्त आकडा दिसला की तालुक्याचं पथक यायला हवं. घशातले किंवा विष्ठेचे नमुने बर्फाच्या डब्यातून जातात. फार वेगळं काही असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेपर्यंत. म्हणजे पुण्याचं नाव मोठं असलं तरी सुरुवात होते ती तुमच्या ओट्यावर विचारलेल्या ‘घरात कुणाला संडास लागली का’ या प्रश्नानं.

त्या साखळीत एक शब्द आहे : ‘निरंक’. म्हणजे या आठवड्यात काही नाही. तो मी स्वतः खोटा लिहिलेला आहे. माझ्याकडे एक वाडी होती, मुख्य गावापासून तीन किलोमीटरवर, पावसात ओढा आडवा येणारी. लागोपाठ तीन आठवडे मी तिकडे गेलो नाही आणि तीनदा निरंक लिहून दिलं. चौथ्या आठवड्यात गेलो तर सात घरांत कावीळ. लोक उतारा देणाऱ्याकडे जाऊन बसले होते. दोन बाया पोटुशी, दिवस भरत आलेल्या. ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत फार घातक असते. दोघींना जीपमध्ये घालून पाठवलं. एक परत आली.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हचा खड्डा उपसला. आत म्हशीचं शेण, कुजका कडबा आणि लहान पोराची एक निळी चप्पल. व्हॉल्व्ह गळत होता आणि नळ बंद असताना तेच पाणी माघारी ओढत होता. मी टाकीचं पाणी नळीत घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. ते तसंच पांढरं राहिलं. टीसीएलची, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरची, गोणी ग्रामपंचायतीच्या खोलीत होती, तोंड उघडं, ओल लागून ढेकळं झालेली. अशा पावडरमधला क्लोरीन उडून गेलेला असतो. टाकत होते रोज, पण चुनाच टाकत होते.

तेव्हा आशाताईनं निरंक लिहिलं तर तिला विचारा, कोणत्या घरांना गेली होतीस? रागानं नको. तिचा मोबदला तुटपुंजा, पायपीट मोठी. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये फडावरून परत येतात, तेव्हा त्यांच्या कोपीवर काय पाणी होतं, लेकरांना काय झालं होतं, हेही तिच्या वहीत यायला हवं. ते सहसा कुणाच्याच वहीत नसतं. आणि जलसुरक्षकाला सांगा, ओटी टेस्ट टाकीपाशी करून भागत नाही. शेवटच्या घराच्या नळाला कर. तिथं पिवळं आलं तरच आलं.

प्रश्न : साथीच्या दिवसांत मुलांच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधावी का?
— एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

नको. कापरानं विषाणू मरत नाही, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं एवढंच. आणि लेकरू ती पुरचुंडी तोंडात घालतं. कापराचा लहानसा तुकडा पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. बांधली असेल तर आजच सोडा.