घरच्या बागेत गलांगल येईल का? ते आल्याऐवजी चालतं का?

तुमच्याकडे उष्ण, दमट हवा असेल तर गलांगल, म्हणजे आपलं कुलिंजन, परसात नक्की येईल. पण आल्याऐवजी ते चालणार नाही. दोन्ही एकाच कुळातली असली तरी आलं समजून वाढवलं किंवा रांधलं, तर त्याची खरी गंमत हाती लागत नाही.

आल्याचा पाला हंगाम संपला की पिवळा पडून वाळतो आणि आपण सगळं पीक एकदम काढतो. गलांगल बारमाही हिरवं राहतं. जागा मानवली की माणसापेक्षा उंच, दाट बेट होतं. म्हणून पहिल्यापासूनच त्याला चारी बाजूंनी हातभर तरी मोकळी जागा ठेवा. कुंडीत लावायचं असेल तर खोलीपेक्षा रुंदी बघा, कारण कंद जमिनीलगत आडवे पसरतात. कुंडी दीड फूट रुंद तरी हवीच.

लागवडीला ताजा, रसरशीत कंद घ्या. औषधासाठी वाळवलेले तुकडे उगवत नाहीत. दोन-तीन डोळे येतील असे तुकडे करा, कापलेली बाजू एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि डोळे वर ठेवून दोन-तीन इंच खोल लावा. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली ही त्याची आवडती जागा. माती सतत ओलसर हवी, पण पाणी साचलं की कंद कुजतो. चिकण माती असेल तर वाफा उंच करा, भरपूर कंपोस्ट मिसळा आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन द्या. एवढं केलं की फारसं काही मागत नाही. पुढे पांढरी, लालसर रेषांची नाजूक फुलं येतात, तीही बघण्यासारखी असतात.

काढणीला साधारण वर्षभर थांबा. अख्खं बेट उपटू नका. कडेची माती हाताने बाजूला करा, हवा तेवढा तुकडा धारदार सुरीने कापा आणि माती परत ओढून घ्या. वर्षभर असं लागेल तसं काढता येतं, माझ्या मते घरी लावण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. कोवळा, गुलाबी कोंबांचा कंद रसाळ असतो. जुना कंद लाकडासारखा कडक आणि तंतुमय होतो, पण रश्शात उकळायला तो छान लागतो.

स्वादाचं म्हणाल तर आल्याचा उबदार तिखटपणा इथे शोधू नका. याला देवदारी, कापरासारखा वास आहे, लिंबाची किंचित छटा आहे आणि तिखटपणा नाकात चढणारा आहे. हा स्वाद नारळाच्या दुधात फार सुंदर खुलतो. थायलंडचं 'तोम खा' हे सूप त्याच्यावरच उभं आहे. सोबतीला गवती चहा आणि माक्रुत लिंबाची पानं. चौघांच्या सुपाला आठ-दहा पातळ चकत्या पुरतात. चकत्या चावून खायच्या नसतात, त्या ताटाच्या कडेला काढून ठेवायच्या. इंडोनेशियाच्या रेंदांगमध्ये मांसाबरोबर तासन्‌तास शिजूनही त्याचा सुगंध टिकतो. वाटण करायचं असेल तर कोवळाच कंद घ्या, धाग्यांना आडवा बारीक चिरा आणि मीठ घालून कुटा. अख्खा तुकडा मिक्सरमध्ये टाकला तर धागेच धागे उरतात.

जास्त निघालं तर चकत्या करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि न वितळवता थेट उकळत्या रश्शात टाका. वास बराचसा टिकतो. पुडीच्या भानगडीत मी पडत नाही, वाळवून दळलं की लिंबाची ती छटा जवळजवळ निघून जाते.