झाडं लावायच्या आधी माळ बघ
अरे, झाडं लावायला निघालायस ते छानच, पण आधी एक रविवार पुण्याजवळ सासवड-सुप्याकडचं माळरान फिरून ये. कागदावर ती पडीक जमीन, पण तिथे लांडगा आहे, चिंकारा आहे, धनगरांची मेंढरं त्याच गवतावर जगतात आणि तीच मेंढरं रानात बसवली की शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, म्हणजे गवत गेलं की लांडगा, धनगर, शेती सगळंच हलतं बघ. तिथे खड्डे खणून झाडं लावणं मला खरंच पटत नाही. आपल्या टेकड्यांवर बाहेरून आणलेलं गिरिपुष्पाचं झाड लावलं, वाढलंही भराभर, पण मूळचा गवताळ उतार गेला ना. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीकडे लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्याबद्दलच्या माहितीची नोंद, असायला हवी, ती मागून वाच, आणि एखाद्या म्हाताऱ्या मेंढपाळाशेजारी निवांत बस, गवतांची नावं त्यांनाच माहितीयेत.