हॉस्पिटलमध्ये लागणारं इन्फेक्शन: तुमचे प्रश्न

प्रश्न: आईला मांडीचं हाड मोडलं म्हणून ऍडमिट केलं होतं, लघवीचा काही त्रास नव्हता. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि युरीन इन्फेक्शन निघालं. हे हॉस्पिटलमुळेच झालं ना?

बहुतेक हो. ऍडमिट होताना जे इन्फेक्शन नव्हतं, आत वाढतही नव्हतं आणि साधारण ४८ तासांनंतर सुरू झालं त्याला हॉस्पिटलचं इन्फेक्शन धरतात. पण म्हणून लगेच कोणीतरी निष्काळजीपणा केला असं मात्र नाही. आईंना लघवीची नळी लावली असणार, आणि खरं कारण बहुतेक वेळा तीच असते. नळी जितके दिवस आत तितका धोका वाढत जातो, दर दिवसामागे साधारण ३ ते ७ टक्के. जंतू नळीच्या आतबाहेर चिकट थर करून बसतात आणि त्या थरात अँटिबायोटिक नीट पोचतच नाही, त्यामुळे नुसतं औषध देऊन भागत नाही, नळी काढावी किंवा बदलावी लागते.

म्हणून मी सगळ्या नातेवाईकांना एकच सांगते, रोज राऊंडला डॉक्टर आले की विचारा, "ही नळी आज लागणारच आहे का?" कारण नळी घालायला कारण असतं पण ते कारण संपलं तरी ती तशीच राहते, प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी काढायला सांगेल. सलाईनच्या सुईचंही तेच, हात लाल झाला, सुजला, ठणकायला लागला तर सिस्टरना लगेच सांगा, संध्याकाळची वाट बघू नका. आणि लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता, पेशंटला हलवताना ती पोटावर ठेवायची नाही, लघवी उलटी आत जाते.

प्रश्न: डॉक्टर एका पेशंटला तपासून तसेच दुसऱ्याकडे येतात. त्यांना हात धुवा म्हणायचं तर संकोच वाटतो, राग आला तर?

संकोच समजू शकते, पण विचारा, खरंच विचारा. "डॉक्टर, तपासण्याआधी हाताला सॅनिटायझर लावता का प्लीज" एवढंच शांतपणे म्हणा, चांगला डॉक्टर रागावणार नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या हॉस्पिटलमध्ये इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांच्या लक्षात आलं की शवविच्छेदन करून थेट बाळंतपणाच्या वॉर्डात येणाऱ्या डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या हातांमुळे बायका तापाने जातायत. त्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि त्या वॉर्डातलं मृत्यूचं प्रमाण एप्रिलमधल्या १८ टक्क्यांवरून दोनतीन महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आलं. तरी त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांनी ते मानलं नाही! तेव्हा जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धांत प्रस्थापित नव्हता, आता ते कारणही नाही.

ग्लोव्ह्ज घातलेत म्हणून चालतं असंही नाही, तेच ग्लोव्ह्ज घालून चार पेशंटना हात लावला तर जंतू चौघांकडे फिरतात. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचं, बोटांची टोकं आणि अंगठा सगळ्यात जास्त सुटतात. फक्त पेशंटला क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या आतड्यातल्या जंतूचे जुलाब असतील तर साबण आणि पाणीच, त्याचे बीजाणू (जंतूचं कडक कवचातलं रूप) सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने मरत नाहीत. आणि हे नियम भेटायला येणाऱ्यांनाही आहेत, तुम्हाला सर्दी-ताप-जुलाब असेल तर भेटायला जाऊच नका, फोन करा.

प्रश्न: बाबा आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. आम्ही बाहेर बसून काय करू शकतो?

बाबांसाठी काळजी वाटणं साहजिक आहे. या गोष्टी विचारून घ्या: डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर आहे का, तोंडाची स्वच्छता रोज होते का, आणि झोपेचं औषध कमी करून स्वतः श्वास घेतायत का हे रोज बघतात का. मानेतली किंवा छातीतली सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, असेल तर तिची गरज रोज तपासली जाते का हेही. अमेरिकेत मिशिगनमधल्या आयसीयूंनी हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, लाईन घालताना पूर्ण गाऊन-मास्क-चादर, शक्यतो जांघेतून लाईन न घालणं आणि नको असलेली लाईन काढणं एवढंच नेमाने केलं, तर लाईनमुळे रक्तात होणारी इन्फेक्शन्स जवळजवळ ६६ टक्क्यांनी कमी झाली. २००६ मध्ये हे छापून आलं. यात नवं मशीन किंवा महागडं औषध काहीच नव्हतं.

प्रश्न: पुढच्या महिन्यात गुडघा बदलायचंय. इन्फेक्शन होऊ नये म्हणून आधीपासूनच स्ट्राँग अँटिबायोटिक सुरू करायला सांगू का?

नको, अजिबात नको. आधीपासून घेतल्याने अंगातले चांगले जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे शिल्लक राहतात. बहुतेक अँटिबायोटिक्स चीर देण्याच्या आधीच्या तासाभरात दिली तरच कामाची, आणि ऑपरेशननंतर साधारण दिवसभरात बंद, उगाच आठवडाभर चालू ठेवून जखम जास्त सुरक्षित होत नाही.

तुम्ही करायचं ते हे: शुगर असेल तर आत्तापासून ताब्यात आणा, सिगारेट-तंबाखू ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी सोडा म्हणजे आजच, आणि घरी रेझरने गुडघ्यावरचे केस काढू नका, बारीक कापे पडतात आणि त्यातच जंतू घर करतात. काढायचेच असले तर हॉस्पिटलमध्ये क्लिपरने काढतील. आदल्या दिवशी स्वच्छ अंघोळ करा. त्वचेवर कुठं फोड, जखम असेल किंवा दात ठणकत असेल तर सर्जनना आधीच सांगा, लपवू नका, तारीख पुढे गेली तरी चालेल.

घरी गेल्यावर जखमेतून पस किंवा पाणी येणं, लाली पसरणं, वाढत जाणारं दुखणं, ताप यातलं काहीही दिसलं तर मेडिकलमधून गोळी न घेता थेट सर्जनला दाखवा. सांधा बसवलेला असल्याने हे लक्ष महिनाभर नाही, पहिले ९० दिवस तरी ठेवायचं.