अबोल आहेस म्हणून धंदा नको?
फार बोलका नाहीस, एवढ्यावरून धंद्याचा विचार सोडू नकोस. झाओ आणि सायबर्ट या संशोधकांनी २००६ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. उद्योजक आणि व्यवस्थापक यांच्यात बहिर्मुखतेचा ठळक फरक त्यांना दिसला नाही. दिसला तो नव्याची ओढ, नेटाने काम करणं आणि ताणात न डगमगणं यांत. समोरच्याचं मन राखण्यात तर उद्योजक थोडे मागेच होते! त्यामुळे भिडेखातर उधारी देणारा स्वभाव असेल, तर आधी त्याला आवर घाल.

‘मला जमेल’ ही खात्री मात्र करून बघितल्यावरच येते. गॅदरिंगला स्टॉल लाव, हिशोब स्वतः लिही. मग नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या पुण्यातल्या संस्थांना, म्हणजे पाषाणच्या व्हेंचर सेंटरला किंवा सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या भाऊ इन्स्टिट्यूटला, चक्कर मार.